हॉलची किल्ली कोणाकडे?

आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये सामाजिक न्यायाचं काम चालतं असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, हॉलची किल्ली कोणाकडे असते? खरोखरची, कुलपाची किल्ली. रात्री नऊ वाजता दहा बायकांना तातडीनं भेटायचं असेल तर त्यांनी कोणाला फोन करायचा, तो माणूस "कशासाठी?" असं विचारतो का, आणि विषय त्याला रुचला नाही तर हॉल नेमका त्याच दिवशी बुक निघतो का. याची उत्तरं मिळाली की तिथल्या न्यायाच्या कामाबद्दल मला निम्मं कळलेलं असतं, मग वार्षिक अहवाल कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो.

मला एवढंच म्हणायचंय की सेंटरमध्ये किती कार्यक्रम झाले, किती लोक आले, किती जणांना काय वाटलं यावरून तिथे संघटन होतंय की नाही हे कळत नाही. ते कळतं ठरवतं कोण यावरून. कुठला प्रश्न घ्यायचा, कधी जमायचं, अधिकाऱ्यासमोर बोलायला कोण जाणार, आलेले पैसे कशावर खर्च करायचे, या चार गोष्टी जर तिथे राहणारी माणसं ठरवत नसतील तर त्या जागेत चांगलं काम होत असेल, अगदी प्रामाणिक काम होत असेल, पण त्याला संघटन म्हणू नये.

सेंटर कसं चालतं ते बघा ना. कॉम्प्युटर क्लास, आरोग्य शिबिर, मुलांची शिकवणी, शिवण, कागदपत्रं भरून द्यायची मदत. यातलं काहीही वाईट नाही, उलट ज्यांना याची गरज नसते तेच याला नावं ठेवतात. फक्त होतं काय की दाराबाहेर माणूस भाडेकरू असतो, कामगार असतो, कुणाची तरी आई असते, आणि आत आला की लाभार्थी होतो, त्याचं नाव एका रजिस्टरमध्ये जातं आणि त्याच्याकडून फक्त दोन अपेक्षा उरतात, वेळेवर यावं आणि फीडबॅक फॉर्म भरावा. पाच वर्षं नियमित येणाऱ्या बाईला कोणी कधी विचारलेलं नसतं की तुला हे सेंटर चालवायला दिलं तर तू पहिल्यांदा काय बंद करशील. (विचारून बघा एकदा. उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवा.)

सेवेतून संघटनेकडे जाता येतं, त्याची उदाहरणं जुनी आहेत. शिकागोमध्ये १८८९ साली जेन अॅडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी हल हाऊस सुरू केलं ते स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत. सुरुवात अगदी आजच्या कुठल्याही सेंटरसारखीच, बालवाडी, संध्याकाळचे वर्ग, वगैरे. पण तिथे राहायला गेलेल्या बायकांच्या लक्षात यायला लागलं की मुलं आजारी पडतात ती आईला समजत नाही म्हणून नाही, तर गल्लीतला कचरा महिनोन्महिने उचलला जात नाही म्हणून, आणि बालवाडीत यायच्या वयाच्या जरा पुढची मुलं दिसत नाहीत कारण ती कारखान्यात असतात. मग १८९१ मध्ये तिथे आलेल्या फ्लोरेन्स केली यांनी घामगाळू कारखान्यांची दारोदार फिरून पाहणी केली, १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात कारखान्यांचा कायदा झाला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी आली आणि केलीच तिथल्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. १८९५ मध्ये जेन अॅडम्स स्वतः त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि गाड्यांच्या मागे फिरायला लागल्या. आज सर्व्हे म्हटलं की आपल्याला टॅबलेट घेऊन फिरणारी दोन कंटाळलेली पोरं आठवतात, पण वस्तीची माहिती गोळा करणं हे किती धारदार हत्यार आहे ते या बायकांनी दाखवून दिलं.

तरीही हल हाऊसबद्दल माझी एक तक्रार आहेच. निर्णय घेणाऱ्या बहुतेक शिकलेल्या, बऱ्या घरातल्या, बाहेरून तिथे राहायला आलेल्या होत्या. त्यांनी वस्तीसाठी जिवापाड मेहनत केली, पण वस्तीतल्या बायका कचरा निरीक्षक झाल्या नाहीत. हा फरक आज कुठल्याही सेंटरमध्ये दिसेल, तळमळीची कोऑर्डिनेटर ताई असते, ती बदलून गेली की सहा महिन्यांत सगळं बसतं, आणि मग लोक म्हणतात "ताई होत्या तोवर चाललं." हे वाक्य ताईंना कौतुक म्हणून सांगितलं जातं, मला ते नापासाचं प्रगतीपुस्तक वाटतं.

याच्या अगदी उलट्या टोकाची गोष्ट जॉन्स आयलंडची, अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातलं एक बेट, आणि ती मला जरा सविस्तरच सांगायचीय कारण संघटनाबद्दल जे काही शिकण्यासारखं आहे ते जवळजवळ सगळं तिच्यात आहे. तिथे मतदार म्हणून नोंदणी करायची तर वाचता येतं हे सिद्ध करावं लागायचं, राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायचा, आणि ही अट काळ्या लोकांना बाहेर ठेवायला अगदी सोयीची होती. एसाव जेन्किन्स नावाचा तिथला माणूस बेटावरच्या लोकांना कामासाठी बसनं चार्ल्सटन शहरात न्यायचा, त्या प्रवासात तो प्रवाशांना घटनेतले उतारे पाठ करायला शिकवायचा. बसमध्ये! त्याला कोणी हॉल दिला नव्हता. पुढे तो टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये गेला. मायल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी १९३२ मध्ये सुरू केलेली ही संस्था कामगार आणि पुढे नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी निवासी कार्यशाळा घ्यायची. तिथे सेप्टिमा क्लार्क होत्या, ज्यांची शिक्षिकेची नोकरी नागरी हक्कांच्या संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून पुढे १९५६ मध्ये गेली. जेन्किन्सचं म्हणणं साधं होतं, माझ्या लोकांना वाचायला शिकवा, त्यांना मत द्यायचंय.

आता त्या भागात प्रौढ साक्षरतेचे वर्ग आधी झालेच नव्हते असं नाही. झाले होते आणि ओस पडले होते. का, तर मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकांवर बसवलं जायचं, गुडघे हनुवटीला लागायचे, शिकवायचं तेही मुलांचंच, आणि वर पोरं हसायची. दिवसभर राबून आलेला माणूस संध्याकाळी स्वतःची थट्टा करून घ्यायला कशाला येईल? पण अहवालात काय लिहिलं जात असेल याची मी कल्पना करू शकतो, 'लाभार्थ्यांमध्ये प्रेरणेचा अभाव.'

क्लार्क आणि हॉर्टन यांनी मग मुद्दाम प्रशिक्षित शिक्षक घेतलाच नाही. बर्निस रॉबिन्सन नावाच्या बाईंना गळ घातली, त्या केशरचनेचं काम करायच्या, कधी शिकवलेलं नव्हतं. जानेवारी १९५७ मध्ये वर्ग सुरू झाला तो सहकारी दुकानाच्या मागच्या खोल्यांमध्ये, पुढे दुकान दिसत राहावं म्हणजे गोऱ्यांना संशय येणार नाही अशी ती योजना. पहिल्या दिवशी त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की मी काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, आणि विचारलं की तुम्हाला काय शिकायचंय. उत्तरं आली ती अशी, मला माझं नाव लिहायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय, लांब राहणाऱ्या मुलांची पत्रं वाचायची आहेत, बायबल वाचायचंय. मग तेच शिकवलं गेलं, मनीऑर्डरचा फॉर्म हेच पाठ्यपुस्तक. भिंतीवर मात्र संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावून ठेवला होता, वर्ग संपेल तेव्हा हा तुम्हाला सगळ्यांना वाचता आला पाहिजे म्हणून.

या एका वर्गातून सिटिझनशिप स्कूल नावाची चळवळ उभी राहिली, आजूबाजूच्या बेटांवर गेली, १९६१ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेनं ती चालवायला घेतली आणि दक्षिणेत सगळीकडे अशा वर्गांतून शिकलेली माणसं पुढचे वर्ग घ्यायला लागली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानं साक्षरतेच्या अटीला चाप लावला तोवर गावोगाव असे लोक तयार होते ज्यांना नोंदणी कार्यालयात जायची, अपमान गिळून पुन्हा जायची, आणि शेजाऱ्याला बरोबर न्यायची सवय झाली होती. कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला हे खरंच, पण तो वापरणारे हात या मागच्या खोल्यांमध्ये तयार झाले.

इथे कोणी म्हणेल की हे साक्षरता वर्गच झाले की, म्हणजे सेवाच, मग तुम्ही सेवेला नावं का ठेवताय. मी सेवेला नावं ठेवतच नाहीये. वर्ग तोच असतो, फळा तोच असतो, फरक 'तुम्हाला काय शिकायचंय' या प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न खरा असण्यात आहे, कारण आजकाल तो प्रश्नसुद्धा फॉर्ममध्ये असतो आणि उत्तरं आधीच छापलेली असतात, योग्य त्या चौकोनात खूण करा.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानतच नाहीत, त्यातल्या एकीचं नाव त्यांनी 'थेरपी' ठेवलंय, म्हणजे प्रश्न व्यवस्थेचा असताना लोकांना बोलवून त्यांच्याच डोक्याची दुरुस्ती करायची. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, सल्ला घेणं, एखाददुसऱ्याला समितीत बसवून समजूत काढणं हे येतं, आणि खरा अधिकार वरच्या तीनच पायऱ्यांवर. ज्या सेंटरमध्ये पाणी येत नाही म्हणून वैतागलेल्या बायकांसाठी तणावमुक्तीचं सत्र ठेवलं जातं, ते कुठल्या पायरीवर आहे हे वेगळं सांगायला नको.

बरं, किल्ली खरंच लोकांच्या हातात दिली तर काय होतं? याचा एक मोठा सरकारी प्रयोगच झालाय. १९६४ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी कार्यक्रमाचा कायदा झाला आणि त्यात लिहिलं गेलं की वस्तीपातळीवरचे कार्यक्रम तिथल्या रहिवाशांच्या शक्य तितक्या जास्तीत जास्त सहभागानं चालवले जातील. लिहिणाऱ्यांना बहुधा वाटलं असेल की लोक येतील, समित्यांमध्ये बसतील, माना डोलावतील. पण काही शहरांमध्ये लोकांनी ते वाक्य गंभीरपणे घेतलं, केंद्र सरकारच्या पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्रांमधून घरमालकांविरुद्ध, महापालिकेविरुद्ध, मदत नाकारणाऱ्या कार्यालयांविरुद्ध संघटित व्हायला लागले. महापौर खवळले, आमच्याच शहरात आमच्याच विरुद्ध आणि तेही सरकारी पैशानं? १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि या संस्था कुठल्या असाव्यात हे ठरवायचा अधिकार स्थानिक सरकारांकडे गेला. तीन वर्षं पुरली.

आपल्याकडे सगळीकडे लिहिलेलं असतं ना, 'येथे राजकीय चर्चा करू नये', ती पाटी मी वाचतो तेव्हा मला ही दुरुस्ती आठवते. पक्षाचा प्रचार नको हे मान्यच, निवडणुकीच्या काळात हॉल एका पक्षाचं ऑफिस झाला तर बाकीचे अर्धे लोक पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, हा नियम असलाच पाहिजे. पण घरभाडं, पाणी, रेशन, पोलिसांची वागणूक, मजुरी, शाळेतला प्रवेश, हे सगळं राजकीयच आहे हो. ते वगळलं तर उरतं रांगोळी स्पर्धा. आणि गंमत म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या उद्घाटनाला ही पाटी कधी आडवी येत नाही, फोटो निघतात, हार पडतात, तेव्हा ते राजकारण नसतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला प्रश्न विचारायला वीस जण जमले की लगेच होतं.

महाडचं उदाहरण आपण सगळे शाळेत शिकतो पण त्यातली एक गोष्ट सटकून जाते. चवदार तळं कागदावर आधीच खुलं झालेलं होतं. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तळ्यावर काहीही बदललं नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तिथून तळ्यापर्यंत चालत गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले तेव्हा तो ठराव पहिल्यांदा जमिनीवर आला, आणि लगेच हल्लाही झाला, आणि मग तळं खाजगी आहे म्हणून कोर्टात दावा, ज्याचा मुंबई उच्च न्यायालयातून निकाल लागायला १९३७ उजाडलं. या परिषदेच्या मागे बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम होतं, जी १९२४ मध्ये स्थापन झाली आणि वसतिगृहं, वाचनालयं अशी वरून अगदी मवाळ दिसणारी कामं करत होती, आणि रा. बा. मोरेंसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांची धावपळ होती ज्यांची नावं फार कमी जणांना माहीत असतात. वसतिगृह, वाचनालय आणि तळं, हे एकाच माळेचे मणी. पण नुसत्या वाचनालयावर थांबलेल्या संस्थाही पुष्कळ होत्या, त्या आज कोणाला आठवत नाहीत.

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहराच्या बस बहिष्काराचंही तेच. रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला म्हणून त्यांना १ डिसेंबर १९५५ ला अटक झाली आणि ५ तारखेला शहरातल्या बसेस काळ्या प्रवाशांविना धावत होत्या, हे चार दिवसांत कसं झालं? झालं कारण विमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही तिथल्या काळ्या बायकांची संघटना १९४६ पासून होती, तिच्या जो अॅन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता, आणि अटकेच्या रात्री त्यांनी कॉलेजच्या मशीनवर हजारो पत्रकं काढली, ती कुठे, कोणामार्फत वाटायची हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. रोझा पार्क्सही थकलेली साधी शिवणकाम करणारी बाई म्हणून सांगितल्या जातात, त्या कित्येक वर्षं नागरी हक्कांच्या संघटनेचं काम करत होत्या आणि त्याच उन्हाळ्यात हायलँडरच्या कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. ३८१ दिवस चाललेला बहिष्कार टिकला तो भाषणांवर जितका, तितकाच गाड्यांच्या वेळापत्रकावर, कोण कोणाला कुठून उचलणार यावर.

मला वाटतं आपल्या कल्पनेत आंदोलन म्हणजे फक्त तो दिवस असतो. बाकीची यादी, फोन नंबर, रजिस्टर, मीटिंगमध्ये काय ठरलं ते लिहून ठेवणं, याला आपण कारकुनी म्हणतो आणि ती कारकुनी बहुतेक वेळा बायकांवर ढकलतो, आणि मग माईक पुरुषांकडे जातो. ज्याच्याकडे यादी आहे त्याच्याकडे ताकद आहे, ही साधी गोष्ट पुढाऱ्यांना पक्की माहीत असते, कार्यकर्त्यांना नसते. आजच्या काळात दुसरी किल्ली म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन. तीनशे जणांच्या ग्रुपवर एकच अॅडमिन, तोच ठरवणार कोणाचा मेसेज राहणार, कोणाला रिमूव्ह करायचं, आणि एक दिवस तो चिडून ग्रुप बंद करून मोकळा, झालं, दोन वर्षांचं संघटन एका अंगठ्यानं संपलं. चार-पाच अॅडमिन ठेवा, त्यात दोन तरी बायका ठेवा, दर सहा महिन्यांनी बदला, नंबरांची यादी कागदावर काढून ठेवा. एवढ्याला कोणाची परवानगीही लागत नाही.

आता एक अवघड गोष्ट. 'लोकांनी ठरवावं' असं म्हणताना आपण लोक म्हणजे एक गठ्ठा धरतो. वस्तीतही घरमालक असतो आणि त्याचा भाडेकरू असतो, जुने रहिवासी आणि कालपरवा आलेले असतात, जातीची उतरंड असते, घराघरात पुरुष आणि बाई असतात. किल्ली बाहेरच्या संस्थेकडून काढून वस्तीतल्या दादाकडे दिली तर फारसं काही मिळवलं नाही, उलट संस्थेला निदान लाज असते. म्हणून स्थानिक म्हणजे आपोआप लोकशाही असं मी मानत नाही. मीटिंगमध्ये पहिली दहा मिनिटं कोण बोललं, मीटिंग संपल्यावर खुर्च्या कोणी उचलल्या, आणि कोण आलंच नाही, या तीन गोष्टी लिहून ठेवायची सवय लावली तर दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं आणि ते बऱ्याचदा सुखावणारं नसतं. यावर उपाय म्हणजे नियम, लेखी, साधे, निवडणूक, मुदत, हिशोब भिंतीवर. आमच्याकडे नेता कोणी नाही, सगळे सारखेच, असं अभिमानानं सांगणाऱ्या ग्रुपमध्ये खरा नेता असतोच, फक्त त्याला बदलायची सोय नसते.

पैशाचं काय मग? पैसा देणारा अजेंडा देतो हे इतक्यांदा म्हटलं गेलंय की ते खरं आहे हेच आपण विसरतो. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं संस्थात्मक फंडिंग न घेण्याचं ठरवलं, पूर्णवेळ कार्यकर्ते किमान वेतनाइतकं मानधन घेतात. अरुणा रॉय, शंकर सिंह, निखिल डे १९८७ मध्ये देवडुंगरी गावातल्या एका साध्या घरात राहायला गेले, १ मे १९९० ला संघटना स्थापन झाली, आणि माहिती अधिकार हा विषय त्यांनी कुठल्या परिसंवादातून आणला नाही. दुष्काळी कामावरच्या मजुरांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती, विचारलं तर सांगायचे की मोजमापात तुमचं काम कमी भरलं, मग मोजमाप दाखवा, तर कागद गोपनीय. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना इथे पहिली जनसुनावणी झाली, कागद मोठ्यानं वाचले गेले, ज्यांची नावं मस्टरवर होती ती माणसं समोर बसलेली, आणि ती उठून सांगत होती की मी या कामावर गेलोच नव्हतो. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं, आणि २००५ मध्ये देशाचा माहितीचा कायदा. कागद बघायला मागणं हा हक्क आहे हे मजुरांनी ठरवलं, शहाण्या लोकांनी नंतर त्याचा मसुदा केला.

सगळ्यांनीच फंडिंग नाकारावं असं मात्र मी म्हणणार नाही. हॉलचं भाडं, वीजबिल, पूर्णवेळ माणसाचा पगार कुठून तरी यावा लागतो आणि गरिबांनी आपला न्याय वर्गणीतूनच मिळवावा असं सुखवस्तू माणसानं सांगणं हे जरा जास्तच होतं. पण थोडा तरी पैसा लोकांचा स्वतःचा असलाच पाहिजे. मॉन्टगोमेरीत जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी केक आणि पाय विकून बहिष्कारासाठी पैसे उभे करायच्या आणि त्या गटाला नाव दिलं होतं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर कुठूनच नाही! पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तिची मुळं एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामात आहेत, म्हणजे पुन्हा वर्गातूनच सुरुवात, पण तिथे सभासद वार्षिक वर्गणी भरतात आणि गळ्यात स्वतःच्या संघटनेचं ओळखपत्र घालतात. वर्गणी भरलेली बाई मीटिंगमध्ये वेगळ्या आवाजात बोलते, हिशोब मागते, चिडते. लाभार्थी चिडत नाही, तो फक्त यायचा बंद होतो.

शेवटचा आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारा आक्षेप, लोकांना वेळ नाही. खरंय, नाहीच. दोन-दोन कामं करणाऱ्या माणसाकडून दर आठवड्याला तीन तासांची मीटिंग मागणं हा अन्यायच आहे, आणि मग ज्यांना वेळ आहे तेच ठरवणार, म्हणजे निवृत्त पुरुष, विद्यार्थी आणि पगारी कर्मचारी. पण याचा अर्थ लोकांना रस नाही असा काढणं म्हणजे पुन्हा त्या लहान बाकांवर बसवणं. मीटिंग एका तासात संपवा, मुलांना सांभाळायला कोणीतरी पाळीपाळीनं बसा, वेळ सेंटरच्या नाही तर कामाच्या पाळ्या बघून ठेवा, एका मीटिंगला एकच निर्णय घ्या पण घ्या, आणि पुढच्या वेळी त्याचं काय झालं ते आधी सांगा. माणसं मीटिंगला कंटाळत नाहीत, काहीच न ठरणाऱ्या मीटिंगला कंटाळतात.

आणि हे सगळं हळू होतं. बोले ठरावापासून कोर्टाच्या निकालापर्यंत चौदा वर्षं, देवडुंगरीपासून देशाच्या कायद्यापर्यंत अठरा. प्रोजेक्ट असतो वर्षाचा, फार तर तीन वर्षांचा, आणि पहिल्याच तिमाहीत किती कुटुंबांपर्यंत पोहोचलात याचा आकडा मागितला जातो. तर निदान त्या तिमाही फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा, या तीन महिन्यांत किती मीटिंगांचा अजेंडा रहिवाशांनी ठरवला आणि त्यातल्या किती विषयांवर संस्थेचं मत वेगळं असूनही रहिवाशांचंच झालं. देणगीदार म्हणतील हे मोजता येत नाही. येतं, सरळ एक दोन तीन करून मोजता येतं, आणि पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी उत्तर शून्य येईल, ते शून्यच लिहा.